शकुनशास्त्राचे संस्कृत ग्रंथ कसे वाचावेत: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

शकुनशास्त्राची ओळख करून घ्यावी म्हणून जो कोणी संस्कृत ग्रंथ उघडतो, तो बहुधा थेट फळांच्या यादीवर जाऊन पोहोचतो. कावळा अमुक दिशेला ओरडला तर काय होते, कोल्हीण तमुक प्रहरी ओरडली तर काय होते, एवढेच तो टिपून घेऊ लागतो. मीही सुरुवात अशीच केली होती, आणि काही महिन्यांतच माझ्या वहीत एकमेकांना खोडून काढणाऱ्या फळांचा असा गुंता झाला की त्यातून काहीच निष्पन्न होईना. पुढे वराहमिहिराच्या बृहत्संहितेवरची भट्टोत्पलाची टीका, म्हणजे श्लोकांचे विवरण, घेऊन पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसलो, तेव्हा ध्यानात आले की शकुनाचे फळ सांगण्याआधी तो शकुन मुळात धरायचा की सोडून द्यायचा, हे ठरवणारे नियम ग्रंथकाराने आधीच दिलेले असतात आणि मी नेमके तेच श्लोक ओलांडून गेलो होतो. हा लेख त्या नियमांपासून सुरू करून फळांपर्यंत जातो, उलट दिशेने नाही.

यासाठी शाळेत शिकलेले संस्कृत, एक पंचांग, एक होकायंत्र आणि रेघा मारलेली वही एवढे पुरते. शकुनांवर विश्वास असण्याची अट नाही. ग्रंथकार काय म्हणतो ते त्याच्याच क्रमाने समजून घेण्याची तयारी मात्र हवी.

पहिली पायरी: शब्द वेगळे करून घ्या

‘शकुन’ या शब्दाचा मूळ अर्थ पक्षी. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातली शेवटची दोन सूक्ते, ४२ आणि ४३, एका ओरडणाऱ्या पक्ष्याला उद्देशून आहेत. ‘अव क्रन्द दक्षिणतो गृहाणां सुमङ्गलो भद्रवादी शकुन्ते’, म्हणजे हे पक्ष्या, मंगल होऊन, शुभ बोलत घरांच्या दक्षिणेकडून साद घाल, अशी त्यात विनवणी आहे. दहाव्या मंडलातल्या १६५व्या सूक्तात घरात शिरलेला कपोत, म्हणजे पारवा, हा निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा दूत म्हणून येतो. पक्षी येथे दूत आहे, निरोप्या आहे, आणि हा ‘दूत’ शब्द मनात ठेवावा, कारण पुढचे सारे शास्त्र त्याच कल्पनेभोवती उभे राहिले आहे. कालांतराने ‘शकुन’ या शब्दात कुत्रा, कोल्हीण, हरीण, गाय, घोडा, हत्ती हेही आले, आणि आज मराठीत तर आंधळ्या योगायोगालाही आपण शकुन म्हणतो.

‘निमित्त’ हा याहून व्यापक शब्द आहे. अंगाचे स्फुरण, शिंक, वारा, कानावर पडलेला शब्द हे सारे त्यात येते. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन ‘निमित्तानि च पश्यामि विपरीतानि केशव’ म्हणतो ते याच अर्थाने. तिसरा शब्द ‘उत्पात’. त्याची व्याख्या वराहमिहिराने तीन शब्दांत केली आहे: ‘प्रकृतेरन्यत्वमुत्पातः’, म्हणजे निसर्गाच्या नेहमीच्या रीतीहून वेगळे घडणे हाच उत्पात. ‘अद्भुत’ हा शब्द उत्पाताच्या जवळचा आणि अधिक जुन्या ग्रंथांतला आहे. षड्विंशब्राह्मणाचा शेवटचा भाग अद्भुतब्राह्मण म्हणूनच ओळखला जातो, आणि अथर्ववेदाच्या कौशिकसूत्राचा तेरावा अध्याय अशा अद्भुतांना व त्यांच्या शांतींना वाहिलेला आहे. शकुन आणि उत्पात यांची गल्लत ही नवशिक्याची सर्वांत मोठी चूक असते. तिच्याकडे सातव्या पायरीवर परत येऊ.

दुसरी पायरी: एकच ग्रंथ धरा

सुरुवात वराहमिहिराच्या बृहत्संहितेपासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. वराहमिहिर अवंतीचा. त्याच्या पंचसिद्धांतिकेत गणितासाठी शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५ हे वर्ष घेतलेले आहे, त्यावरून त्याचा काळ सहावे शतक ठरतो. ज्योतिषाचे गणित, होरा (जन्मपत्रिका) आणि संहिता असे तीन स्कंध, म्हणजे शाखा, मानल्या जातात. शकुन आणि उत्पात हे संहितास्कंधाचे विषय आहेत, जन्मपत्रिकेचे नव्हेत. हा भेद मराठीतून समजून घ्यायचा असेल, तर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ साली प्रसिद्ध झालेला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास आजही उत्तम साथ देतो.

बृहत्संहितेत उत्पाताध्याय साधारण ४६वा आहे. शकुनांचे प्रकरण ८६व्या अध्यायाच्या आसपास सुरू होते आणि पुढे दहा अध्याय चालते: दिशाचक्र, पक्ष्यांचे आवाज, कुत्रा, कोल्हीण, हरणे, गायी, घोडे, हत्ती, कावळा, आणि शेवटी उरलेले नियम सांगणारा उत्तराध्याय. आवृत्तीनुसार अध्यायांचे क्रमांक एखाद्या अंकाने मागेपुढे होतात, म्हणून टिपण करताना क्रमांकाबरोबर अध्यायाचे नावही लिहावे. दहाव्या शतकातल्या भट्टोत्पलाच्या टीकेसह ग्रंथ मिळाला तर दुसरे काही शोधू नये. सुधाकर द्विवेदी यांनी काशीहून १८९५ ते १८९७ या काळात टीकेसह छापलेली आवृत्ती आता संगणकावरही वाचता येते. मूळ श्लोक अतिशय आखडते आहेत, आणि टीकेत गर्ग, पराशर, ऋषिपुत्र अशा जुन्या आचार्यांची वचने जागोजागी उद्धृत केलेली असल्यामुळे श्लोकाचा कोंडलेला अर्थ मोकळा होतो.

वसंतराजाचा शकुनग्रंथ, बंगालच्या बल्लालसेनाने शके १०९० मध्ये, म्हणजे इ. स. ११६८ मध्ये लिहावयास घेतलेला अद्भुतसागर, आणि आपल्या दख्खनेतल्या कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा बाराव्या शतकातला मानसोल्लास हे ग्रंथ महत्त्वाचे आहेत, पण ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवावेत.

तिसरी पायरी: एक श्लोक पाठ करा

शकुनाध्यायाच्या आरंभी वराहमिहिर आपल्या आधीच्या आचार्यांची नावे सांगतो, त्यांत अवंतीचा राजा द्रव्यवर्धन याचेही नाव येते, आणि लगेच पुढे हा श्लोक येतो:

अन्यजन्मान्तरकृतं कर्म पुंसां शुभाशुभम् ।
यत्तस्य शकुनः पाकं निवेदयति गच्छताम् ॥

माणसांनी दुसऱ्या जन्मी केलेल्या शुभ-अशुभ कर्माचा जो परिपाक, तो शकुन प्रवासाला निघालेल्यांना निवेदन करतो. या श्लोकातल्या ‘निवेदयति’ या क्रियापदावर बोट ठेवून थांबावे. शकुन काही घडवत नाही, टाळत नाही, बिघडवत नाही; जे पिकत आलेले आहे त्याची तो वर्दी देतो. श्लोकाचा शेवटचा शब्द ‘गच्छताम्’ हाही तितकाच महत्त्वाचा आहे. हे प्रकरण मुळात प्रवासाला, विशेषतः स्वारीवर निघणाऱ्या राजासाठी रचलेले आहे. घरात बसून चहा पिणाऱ्या माणसाला दारातल्या कावळ्याचे फळ या अध्यायातून काढून देणे म्हणजे श्लोकातला एक शब्द पुसून टाकणे होय.

हीच समजूत व्याकरणातही किती खोल मुरलेली आहे, ते पाहण्याजोगे आहे. पाणिनीच्या चतुर्थी विभक्तीच्या सूत्रावर एक वार्तिक, म्हणजे सूत्राला पुरवणी जोडणारे वचन, आहे, ‘उत्पातेन ज्ञापिते च’, म्हणजे उत्पाताने जे कळवले जाते त्या गोष्टीला चतुर्थी लागते. त्याचे परंपरेने दिलेले उदाहरण ‘वाताय कपिला विद्युत्’: पिंगट वीज वाऱ्याची वर्दी देते. वीज वारा निर्माण करते असे वैयाकरण म्हणत नाही; तो ‘ज्ञापित’, कळवलेले, असाच शब्द वापरतो. आणि आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या विराणीतला काऊही शकुन ‘सांगताहे’, पंढरीरायाला घेऊन येत नाही. मराठी वाचकाला हा सिद्धांत नव्याने शिकायचा नाही, तो कानात आधीच आहे.

चौथी पायरी: दिशांचे चक्र काढा

येथून वहीचे काम सुरू होते. एक वर्तुळ काढून त्यावर आठ दिशा मांडा. दिवस आणि रात्र मिळून आठ प्रहर होतात, आणि सूर्य एकेका प्रहरात एकेक दिशा व्यापत प्रदक्षिणेने फिरतो अशी कल्पना आहे: सूर्योदयाला पूर्व, मग आग्नेय, माध्यान्हीला दक्षिण, मग नैर्ऋत्य, सूर्यास्ताला पश्चिम, मग वायव्य, मध्यरात्री उत्तर, शेवटी ईशान्य. सूर्याने नुकतीच सोडलेली दिशा ‘अंगारिणी’, म्हणजे निखाऱ्यांची. सूर्य जिच्यात आहे ती ‘दीप्ता’, पेटलेली. ज्या दिशेला तो आता जाणार ती ‘धूमिनी’, धुमसणारी. बाकीच्या पाच दिशा ‘शांता’. चुलीत विझत आलेले लाकूड, पेटते लाकूड आणि नुकते धूर धरू लागलेले लाकूड डोळ्यांपुढे आणले की ही तीन नावे पुन्हा विसरली जात नाहीत.

या तीन दिशांना काळ जोडलेला आहे. अंगारिणी दिशेचा शकुन होऊन गेलेल्या अनिष्टाविषयी सांगतो, दीप्तेचा चालू असलेल्या, आणि धूमिनीचा येणाऱ्या अनिष्टाविषयी. प्रत्येकीपासून पाचवी, म्हणजे बरोबर समोरची दिशा त्याच काळातल्या शुभाविषयी सांगते, आणि उरलेल्या दोन दिशांचे फळ त्या कोणाला जवळ आहेत यावरून ठरवायचे.

एक उदाहरण हातानेच सोडवून पाहा. सकाळचे नऊ वाजले आहेत. आग्नेय दीप्ता, पूर्व अंगारिणी, दक्षिण धूमिनी. समोरासमोरच्या दिशा पाहिल्या तर वायव्येचा शकुन चालू शुभाचा, पश्चिमेचा होऊन गेलेल्या शुभाचा, आणि उत्तरेचा येणाऱ्या शुभाचा. ईशान्य आणि नैर्ऋत्य उरल्या. हाच पक्षी हाच आवाज घेऊन दुपारी तीन वाजता त्याच फांदीवर बसला, तर त्याचा अर्थ निराळा होतो. म्हणून टिपणात वेळ आणि दिशा नसेल, तर ते टिपण ग्रंथाच्या दृष्टीने कोरेच आहे. आठवडाभर रोज तीन वेळा हे चक्र मांडून पाहावे. त्यानंतर कागद न घेताही ते जमू लागते.

दिशेखेरीज दीप्त आणि शांत हा भेद आणखी दहा अंगांनी पाहायचा असतो. क्षण, तिथी, नक्षत्र, वारा आणि सूर्य ही पाच दैवाची अंगे, तर गती, स्थान, भाव, स्वर आणि चेष्टा (अंगाची हालचाल) ही पाच क्रियेची. यापैकी नवशिक्याने वारा, स्थान आणि स्वर या तीन अंगांवरच सध्या भर द्यावा. गवत आणि फळे खाणारे प्राणी सौम्य, मांस व घाण खाणारे रौद्र आणि अन्न खाणारे मिश्र, हेही जाता जाता लिहून ठेवावे.

पाचवी पायरी: कोणते शकुन सोडून द्यायचे ते शिका

माझ्या मते हा साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि लोकांत फिरणाऱ्या शकुनांच्या पुस्तिकांतून नेमका हाच भाग गळून पडलेला असतो.

वराहमिहिर म्हणतो की जोडीत रमलेले, आजारी, घाबरलेले, भांडणाच्या किंवा मांसाच्या मागे लागलेले, मदाने माजलेले आणि मध्ये नदी असलेले प्राणी शकुन म्हणून कधीच धरू नयेत. कारण उघड आहे: अशा प्राण्याच्या ओरडण्याला स्वतःचे कारण आहे, तो तुमचा निरोप घेऊन आलेला नाही. गावातला प्राणी रानात आणि रानातला गावात दिसला तर तो धरू नये. दिवसा फिरणारा रात्री आणि रात्री फिरणारा दिवसा दिसला तरी धरू नये. एका कोसापलीकडून आलेला आवाज निष्फळ, असे काहींचे मत म्हणून नोंदवलेले आहे.

त्यानंतर ऋतूंची यादी येते, आणि तिथे ग्रंथकाराचे डोळे किती उघडे होते ते कळते. शिशिरात घोडा, बोकड, गाढव, उंट, ससा आणि काही जातींची हरणे निष्फळ. वसंतात कावळा आणि कोकिळ निष्फळ. भाद्रपदात डुक्कर, कुत्रा, लांडगा इत्यादी धरू नयेत. श्रावणात हत्ती आणि चातक निष्फळ. हेमंतात वाघ, अस्वल, वानर, बिबट्या, रेडा आणि बिळात राहणारे निष्फळ. माणसाचे सोडून इतर सर्वांची पिल्ले केव्हाही निष्फळ. भाद्रपदातल्या कुत्र्यांचे काय ते मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्या महिन्यात ती कोणत्या कारणाने पिसाटल्यासारखी फिरतात आणि रात्रभर भुंकतात, हे गावोगाव ठाऊक आहे. वसंतात कोकिळ सारा दिवस साद घालतो आणि घरट्यावरून कावळ्याशी त्याचे वैर चालू असते. ज्या काळात आवाज जातीच्या स्वभावानेच वाढतो, त्या काळात त्या आवाजातून अर्थ काढू नये, असा या यादीमागचा विचार मला दिसतो.

तेव्हा फळाचा श्लोक उघडण्याआधी वहीत हे प्रश्न लिहून त्यांची उत्तरे द्यावीत: प्राणी निरोगी, निर्भय आणि एकटा होता का, आपल्या जागी व आपल्या वेळी होता का, ऋतू त्याच्या मदाचा नव्हता ना, मध्ये नदी नव्हती ना, अंतर कोसाच्या आत होते का. माझ्या अनुभवाने दहांतली आठ-नऊ टिपणे या प्रश्नांवरच गळतात, आणि ती गळणे हेच वाचन नीट चालल्याचे लक्षण आहे.

सहावी पायरी: डावे-उजवे

डाव्या-उजव्याचा नियम लोकांत एकाच वाक्यात सांगितला जातो, ग्रंथात तो तसा नाही. कोल्हीण, श्यामा, पिंगला, पाल, डुकरीण, कोकिळा आणि पुल्लिंगी नावांचे प्राणी डावीकडे चांगले; स्त्रीलिंगी नावांचे, तसेच भास, माकड, मोर, ससाणा इत्यादी उजवीकडे चांगले. येथे नाव संस्कृतातले घ्यायचे, मराठीतले नव्हे, नाहीतर लिंग बदलताच फळ उलटे होईल.

देशभेदही ग्रंथकारानेच मान्य केला आहे. कावळ्याच्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात तो सांगतो की पूर्वेकडच्या लोकांना कावळा उजवीकडे शुभ, इतर देशांत उलट, आणि ही सीमा कोठे पडते ते ‘लोकप्रसिद्ध्यैव’, म्हणजे लोकांच्या रूढीवरूनच समजून घ्यावे. आजीचा नियम आणि ग्रंथाचा नियम जुळला नाही म्हणून दोहोंपैकी एकाला खोटे ठरवण्याची घाई करू नये. त्याच अध्यायात वैशाखात कावळ्याने निरोगी झाडावर घरटे केले तर सुभिक्ष, काटेरी किंवा वाळलेल्या झाडावर केले तर दुर्भिक्ष असे सांगून, घरटे कोणत्या बाजूच्या फांदीवर आहे त्यावरून पावसाचा अंदाज दिलेला आहे. आपल्याकडचे शेतकरी मृगाआधी कावळ्याचे घरटे कोणत्या अंगाला आणि किती उंचीवर आहे ते अजूनही पाहतात. पाहण्याची रीत तीच, फळे मात्र गावागणिक निराळी ऐकू येतात.

सातवी पायरी: शकुन की उत्पात?

आता आधी लांबणीवर टाकलेला प्रश्न. रानातला प्राणी गावात आला तर तो शकुन म्हणून धरू नये, असे आपण पाहिले. उत्पाताध्याय उघडा, आणि नेमकी तीच गोष्ट तेथे उत्पात म्हणून नोंदवलेली दिसेल: रानातले पशुपक्षी निर्भयपणे नगरात शिरणे, दिवसा फिरणारे रात्री आणि रात्री फिरणारे दिवसा हिंडू लागणे. हा विरोध नाही. शकुन हा प्रकृतीत राहणाऱ्या प्राण्याचा एका प्रवाशासाठी असलेला निरोप आहे. प्रकृतीच बदलली की तो शकुनाच्या वर्गातून बाहेर पडतो आणि साऱ्या प्रदेशाशी संबंध असलेल्या उत्पाताच्या वर्गात जातो. ही फोड ज्याला करता येऊ लागली, त्याची निम्मी वाटचाल झाली असे मी समजतो.

उत्पातांचे तीन थर आहेत. ग्रह-नक्षत्रांतला बदल तो दिव्य. उल्का, निर्घात (आकाशातला गडगडाट), वारा, सूर्य-चंद्राभोवतीचे खळे, गंधर्वनगर (आकाशात भासणारे नगर), इंद्रधनुष्य हे आंतरिक्ष. चराचर वस्तूंत उपजलेला तो भौम. भौम उत्पात शांतीने शमतो, आंतरिक्ष सौम्य होतो, दिव्य शमतच नाही असे काहींचे मत. तेथेही सोडून देण्याची यादी आहेच. ऋषिपुत्राच्या श्लोकांच्या आधारे वराहमिहिर ऋतूंप्रमाणे स्वाभाविक गोष्टी सांगतो: चैत्र-वैशाखात वीज पडणे, भूकंप, खळे, धुळीने लाल झालेला उगवता-मावळता सूर्य, झाडांना अतोनात फुले-फळे येणे हे अनिष्ट नव्हे, उलट शुभच.

आठवी पायरी: एक श्लोक आरंभापासून शेवटपर्यंत सोडवा

सरावासाठी मेघदूतातला श्लोक घ्या. यक्ष रामगिरीवर आहे. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आहे. मेघ निघताना यक्ष त्याला म्हणतो:

मन्दं मन्दं नुदति पवनश्चानुकूलो यथा त्वां
वामश्चायं नदति मधुरं चातकस्ते सगन्धः ।

आता पायऱ्या लावा. ‘गच्छताम्’ ही अट पुरी होते, कारण मेघ प्रवासाला निघाला आहे. वारा अनुकूल आणि मंद आहे, म्हणजे दैवाच्या अंगांपैकी वारा शांत. चातक हा पुल्लिंगी शब्द, म्हणून तो ‘वाम’, डावीकडे हवा, आणि तसा तो आहे. आवाज ‘मधुर’ आहे, म्हणजे स्वरही शांत. राहिला ऋतू. श्रावणात चातक निष्फळ, हे आपण पाहिले. पण यक्षाने मेघ पाहिला तो आषाढात, आणि श्रावण जवळ आला आहे हे कवीने ‘प्रत्यासन्ने नभसि’ म्हणून आधीच सांगून ठेवले आहे. म्हणजे शकुन अजून ग्राह्य आहे, आणि महिना उलटता तर तो राहिला नसता. कालिदास सामान्यतः वराहमिहिराच्या आधीचा मानला जातो, तेव्हा त्याने हा ग्रंथ पाहून श्लोक रचला असे कोणी म्हणू नये. पण दोघांच्याही मागे एकच परंपरा उभी आहे, हे या एका ओळीत जितके स्वच्छ दिसते तितके मला दुसरीकडे क्वचितच दिसले. शाळेत हा श्लोक मी कितीदा तरी पाठ म्हटला होता. ‘वामः’ हा शब्द तेथे कशासाठी आहे, ते मात्र शकुनाध्याय वाचल्यावर उमगले.

शाकुंतलाच्या पहिल्या अंकात आश्रमात शिरताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो, आणि सुंदरकांडात सीतेचा डावा डोळा लवतो. त्यांवरही हीच कसरत करून पाहता येईल, पण तेथे निमित्त आहे, शकुन नाही, हे विसरू नये.

नववी पायरी: अनिष्ट आढळले तर ग्रंथ काय करायला सांगतो

येथे उत्तर फार साधे आहे. पहिला अनिष्ट शकुन झाला तर थांबून पाच आणि सहा, म्हणजे अकरा प्राणायाम करावेत. दुसरा झाला तर सोळा. तिसरा झाला तर घरी परत यावे. कोणाला दोष देणे नाही, कोणाला दारातून हाकलणे नाही. थांबा, श्वास सावरा, पुन्हा विचार करा, एवढेच. मुहूर्ताच्या परंपरेत एक प्रसिद्ध श्लोक आहे. प्रयाणासाठी गर्ग उषःकालाची प्रशंसा करतो, बृहस्पती शकुनाची, अंगिरा मनाच्या उत्साहाची आणि जनार्दन विप्रवाक्याची, असे त्यात म्हटले आहे. शकुन हे चार मतांपैकी एक मत आहे. कौटिल्य तर याहून पुढे जातो: जो मूर्ख सतत नक्षत्रच विचारत बसतो त्याला अर्थ ओलांडून जातो, अर्थाचे नक्षत्र अर्थच, तारका काय करणार, असे त्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे. हे वचन शकुनांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे मला आवश्यक वाटते. इ. स. १६०० च्या मुहूर्तचिंतामणीसारख्या उत्तरकालीन ग्रंथांत प्रयाणसमयी समोर येणाऱ्या अशुभांच्या यादीत मूल नसलेली स्त्रीही घातलेली आहे, आणि याच वळणाने आपल्या समाजाने विधवांना समारंभांतून शतकानुशतके दूर ठेवले. हे श्लोक वाचताना समाजाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून वाचावेत. त्यांना जिवंत माणसावर लावू नये. घुबडांचेही तसेच. पिंगला, म्हणजे लहान घुबड, शकुनग्रंथांत आदराने ऐकण्याची गोष्ट आहे, आणि आज अपशकुनाच्या नावाखाली त्याला दगड मारले जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहेच, शिवाय ज्या शास्त्राचे नाव घेऊन हे केले जाते त्यातल्या ‘निवेदयति’ या शब्दाशीही ते विसंगत आहे.

दहावी पायरी: खंजनाची वही

एवढे झाल्यावर एक पक्षी निवडून वर्षभर त्याचे टिपण ठेवावे. मी खंजन, म्हणजे धोबी पक्षी, सुचवतो. बृहत्संहितेत त्याला स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात हंगामातल्या पहिल्या दर्शनाचे फळ सांगितले आहे. गळा काळा आणि मान उंच असलेला तो ‘भद्र’. मुखापासून कंठापर्यंत काळा तो ‘संपूर्ण’, आशा पुरवणारा. गळ्यावर काळा ठिपका आणि गाल पांढरे तो ‘रिक्त’. पिवळा तो ‘गोपीत’, क्लेश देणारा. पाण्याकाठी शेपूट वरखाली हलवत चालणारा हा पक्षी आपल्याकडे धोबी म्हणून ओळखला जातो. पांढरा आणि पिवळा धोबी पावसाळा सरताना उत्तरेकडून महाराष्ट्रात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. पांढऱ्या धोब्याच्या गळ्यावरचा काळा रंग ऋतू आणि वयाप्रमाणे कमी-जास्त होतो, त्यामुळे ‘भद्र’, ‘संपूर्ण’ आणि ‘रिक्त’ हे एकाच पक्ष्याचे वेगवेगळे वेष असावेत आणि ‘गोपीत’ म्हणजे पिवळा धोबी असावा, असे मला पक्ष्याकडे पाहून वाटते. मोठा कवड्या धोबी मात्र येथेच बारमाही राहतो, म्हणून त्याच्या ‘पहिल्या दर्शना’चा प्रश्न येत नाही आणि त्याला या वहीत घेऊ नये.

वहीत आडवे सात रकाने आखावेत: तारीख व तिथी, वेळ आणि त्या वेळची दीप्ता दिशा, पक्षी कोणत्या दिशेला दिसला, गळ्याचा रंग, तो कशावर बसला होता, वारा, आणि पाचव्या पायरीवरच्या प्रश्नांची उत्तरे. बसण्याच्या जागेचा रकाना सोडू नये, कारण अध्यायात फुला-फळांनी लवलेली झाडे आणि पवित्र जलाशय एकीकडे व राख, हाडे अशा जागा दुसरीकडे मांडून फळ बदललेले आहे. फळाचा रकाना पहिल्या वर्षी आखूच नये. दसऱ्याच्या आधी आठवडाभर सकाळी नदीकाठी किंवा तळ्याकाठी जावे, पहिला धोबी दिसेल त्या दिवशी पहिली ओळ लिहावी, आणि घरी येऊन त्या ओळीशेजारी भट्टोत्पलाच्या टीकेतले त्या श्लोकाचे स्पष्टीकरण उतरवून घ्यावे.